वाढत्या अंगाची बॅटरी

मी वीज कंपनीत नोकरीला आहे ही गोष्ट लग्नाच्या वेळी लपवली असती, तर आज सुखात असतो. तसं लपवण्यासारखं त्यात काही नाही. मी बिल विभागात बसतो. विजेशी माझा संबंध येतो तो लोकांची ती वापरून झाल्यावर. तारा, खांब, फ्यूज वगैरे जाणणारी माणसं वरच्या मजल्यावर बसतात. आम्ही तळमजल्यावर बसून शिव्या खातो. पण 'आमचे जावई विजेत आहेत' हे वाक्य सासरी एकदा रुजलं ते रुजलं. तिथे पंखा बंद पडला की सगळे माझ्याकडे बघायचे, इस्त्री तापेनाशी झाली की माझ्याकडे बघायचे, आणि मी गंभीर चेहरा करून म्हणायचो, "व्होल्टेज कमी येत असेल." हे वाक्य खोटं ठरवायला सहसा कोणी पुढे येत नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, पण वाळा कोणी पारखून बघत नव्हतं. या एका वाक्याच्या जोरावर मी इतकी वर्षं अब्रू राखून होतो. ती शेवटी एका हातभर लांबीच्या लाकडी बोटीनं घालवली.

बोट सासऱ्यांची. ते जलवाहतूक खात्यात तिकीट खिडकीवर होते. नदी ओलांडणाऱ्या एका फेरीबोटीची तिकिटं देण्यात त्यांची उभी नोकरी गेली. गंमत अशी, की त्यांची खिडकी होती रस्त्याकडे आणि धक्का होता पाठीमागे. भोंगा वाजला की खुर्ची थरथरायची, त्यावरून बोट सुटली हे कळायचं. पण सुटताना त्यांनी ती कधी पाहिली नाही, कारण नेमकी त्याच वेळी खिडकीवर झुंबड असायची. सुट्टीच्या दिवशी जाऊन बघावं, तर सुट्टीत कामाच्या जागी फिरकणाऱ्यांतले ते नव्हते. निवृत्तीनंतर सवडीनं बघू म्हणाले, तर त्याच सुमारास पूल झाला आणि बोटच बंद झाली. मग सासूबाई गेल्या. त्यानंतर सासऱ्यांनी ती बोट लाकडात करायला घेतली.

मेहुणा दुसऱ्या शहरात असतो. त्याच्या घरात सासऱ्यांसाठी वेगळी खोली वाढवायचं काम चाललं होतं, तेवढ्यापुरते ते आमच्याकडे आले. खोली झाली, तिचा रंग वाळला, मेहुण्याचे फोनवर फोन आले, पण सासरे काही हलेनात. "बोट एकदा पाण्यावर सुटू दे, मग मी निघतो," एवढंच म्हणायचे. आणि बोट होती आमच्या जेवणाच्या टेबलावर. तिच्याभोवती पटाशी, सरस, पॉलिश पेपर, रंगाच्या डब्या असा तिचा गोतावळा. घरातली सगळी माणसं, म्हणजे सासरे, बायको आणि मी, सोफ्यावर ओळीनं बसून मांडीवर ताट घेऊन जेवत होतो. मांडीवर ताट घेऊन जेवणारा माणूस घराचा मालक आहे असं कोणाला वाटत नाही. त्याला स्वतःलाही वाटत नाही.

एके दिवशी पाण्याचा पेला माझ्या विजारीवर सांडला आणि मी म्हणालो, "बाबा, मोटर आणि बॅटरीचं तेवढं माझ्यावर सोपवा. आठवड्यात बोट पाण्यावर."

सासरे म्हणाले, "हं."

या 'हं'बद्दल सांगायला हवं. सासरे फार बोलत नाहीत. आयुष्यभर खिडकीतून बोलून त्यांचा बोलण्याचा कोटा संपला असावा. त्यांच्याकडे पाचसहा प्रकारचे 'हं' आहेत आणि त्यावर त्यांचं सगळं भागतं. हा होता 'बघू या' छापाचा.

स्वयंपाकघरात बायकोनं मला गाठलं. "येतं का तुम्हाला यातलं काही?"

"येतं म्हणजे काय? अगं, मी वीज कंपनीत..."

"बिलात आहात." ती भांडं घासत होती, तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "सरळ सांगा ना, बाबांना घालवायची घाई झालीय."

"मला फक्त माझं टेबल परत हवंय."

"एकच झालं."

एकच होतं, हे मलाही कळत होतं.

खेळातल्या विमानांचं आणि बोटींचं सामान विकणारं एक दुकान एका लाँड्रीच्या माडीवर आहे. दुकानदार डोळ्याला भिंग लावून सोल्डरिंग करत बसलेला असतो. गिऱ्हाइकाकडे बघणं त्याला कमीपणाचं वाटत असावं. मी बोटीचं वजन सांगितलं, लांबी सांगितली, शिवाय मी वीज कंपनीत असल्याचंही सांगितलं. तो मान वर न करता म्हणाला, "मग तुम्हाला काय सांगायचं." एवढं बोलून त्यानं मला काहीच सांगितलं नाही. एक मोटर दिली आणि काडेपेटीएवढा एक डबा दिला, ज्याच्या दोन्ही बाजूंनी तारा लोंबत होत्या. हा स्पीड कंट्रोलर. हा बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये बसतो आणि हातातल्या रिमोटवरून जसा हुकूम येईल तशी मोटरला वीज सोडतो. "हा तीन सेलपर्यंतचा आहे," दुकानदार म्हणाला. "तीन सेलची बॅटरी सध्या संपलीय. पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या आठवड्यात गेलो असतो तर ही कथा इथेच संपली असती. पण आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळी बिल्डिंग सल्लागार म्हणते. ते कशाचे सल्लागार आहेत हे कोणाला माहीत नाही, पण सल्ला दिल्याशिवाय ते कोणाला जिना चढू देत नाहीत.

"तीन सेलची?" ते म्हणाले. "आणि उद्या बोट जड झाली तर?"

"लाकडाची बोट जड कशी होईल?"

"रंगाचे हात वाढतात. कठडे वाढतात. माझं ऐका, घेताना एक नंबर मोठीच घ्यावी. कमी पडलं तर काय करणार? जास्तीचं काय, पडून राहतं."

हा सल्ला मी का ऐकला ते सांगतो. आमच्या घराण्यात मापाची वस्तू कधी कोणी घेतलेलीच नाही. सगळं वाढत्या अंगाचं. शाळेच्या पहिल्या दिवशी घातलेला शर्ट शाळेच्या शेवटच्या दिवशी मला अंगासरशी बसला. चपला एक नंबर मोठ्या, त्यात पुढे कापूस. आमच्या दोघांच्या संसाराला लग्नात आठ माणसांचा कुकर आला, आणि मी हौसेनं शिवलेला लग्नाचा कोट अजूनही वाढत्या अंगाचाच आहे. लहानपणापासून ज्याला मोठं घेण्याचंच शिक्षण मिळालंय, त्याच्यासमोर तीन सेलची आणि चार सेलची अशा दोन बॅटऱ्या ठेवल्या तर तो काय करणार? मी घरबसल्या मोबाइलवरून चार सेलची मागवली.

ती आली, पण घरी आली नाही. पार्सल ऑफिसनं अडवून ठेवली. तिथल्या बाईंनी मला खोक्यापासून लांब उभं केलं आणि विचारलं, "यात काय आहे?"

"बॅटरी."

"कशाची?"

"बोटीची."

"बोट कुठे आहे?"

"जेवणाच्या टेबलावर."

बाईंनी साहेबांना बोलावलं. साहेबांनी मला पुन्हा तेच प्रश्न विचारले आणि मी पुन्हा तीच उत्तरं दिली. तुम्हीही कधी देऊन बघा. दुसऱ्यांदा ती आपल्यालाच वेडगळ वाटू लागतात. शेवटी या वस्तूपासून काही अपाय झाला तर त्याला सर्वस्वी मी जबाबदार राहीन, असं माझ्याकडून लिहून घेऊन त्यांनी ती मला दिली. आमच्या ऑफिसात मी लोकांकडून अशा सह्या रोज घेतो, पण त्या खरोखर कामाला येतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी टेबलाभोवती आम्ही तिघं, सल्लागार आणि सल्लागारांच्या पाठोपाठ आलेले सोसायटीचे सेक्रेटरी असा जमाव जमला. मोटर बोटीच्या पोटात बसवलेली होती. सासऱ्यांनी धुतलेला सदरा घातला होता, त्यावरून त्यांनी प्रसंग किती मनावर घेतलाय ते दिसत होतं. मी दोन शब्द बोललो. ते आता आठवत नाहीत, पण त्यांत 'ऊर्जा' हा शब्द होता. मग मी बॅटरी जोडली.

एक बारीकसा 'फट' आवाज आला आणि कंट्रोलरमधून धूर निघू लागला. धूर सरळ छताला गेला, तिथून वळून सेक्रेटरींच्या नाकात गेला. बायकोनं ओल्या फडक्यानं तार ओढून काढली म्हणून टेबल वाचलं. सासऱ्यांनी तो डबा उचलला, नाकाशी नेला, एकदा हुंगला आणि खाली ठेवला.

"गेला," ते म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सवयीनं म्हणालो, "व्होल्टेज कमी..." आणि थांबलो, कारण या वेळी ते जास्त होतं हे सेक्रेटरींनाही समजलं होतं.

दुकानदारानं तो जळका डबा पाहून प्रथमच भिंग कपाळावर चढवलं. "चार सेल?"

"एक नंबर मोठी घेतली. जास्तीचं पडून राहील म्हणून."

"व्होल्ट पडून राहत नाहीत, साहेब. ते सगळेच्या सगळे अंगावर येतात." मग त्याला माझी दया आली असावी. "हे बघा. बॅटरीचे सेल कंट्रोलरच्या मापातच पाहिजेत, तिथे मोठेपणा चालत नाही. कंट्रोलर मात्र मोठा चालतो. जास्त सेल पेलणारा, जास्त अँपिअरचा घ्या, तो आरामात काम करतो. तुम्ही बरोबर उलटं केलंत."

अंथरूण पाहून पाय पसरावेत असं म्हणतात. आम्ही अंथरूणच मोठं घेऊन त्यात पाय पोटाशी घेऊन झोपणारी माणसं, तेव्हा ही म्हण आमच्या उपयोगाची नाही. पण या वेळी मी चुकायचं नाही असं ठरवलं. पहिल्यासारखाच तीन सेलचा कंट्रोलर घेतला. मोठा घ्या असं तो सांगत असूनही घेतला नाही, कारण मोठं या शब्दाचीच मला धास्ती बसली होती. आणि बॅटरी? तीन सेलची अजून आलीच नव्हती. जिन्यात सल्लागार भेटले. "तीन सेलचीच हवी ना? माझ्या पुतण्याच्या विमानाची आहे पडलेली. न्या."

बॅटरी बिस्किटाएवढी होती. पण तिच्यावर तीन सेल असं स्वच्छ छापलेलं होतं. सेल जुळले की झालं, असं दुकानदारानंच सांगितलं होतं; निदान मला तसं ऐकू आलं होतं.

बोट बादलीत मावेना, म्हणून शेजारून कपडे भिजवायचा मोठा टब आणला. मोटर फिरली. पाण्यात बुडबुडे उठले. सासरे टबाच्या कडेला हात टेकून इतके खाली वाकले की त्यांचा चष्मा पाण्याला लागला. "फिरतेय," ते म्हणाले. मी अगदी नम्रपणे मान झुकवली. नम्रपणा मला शोभत नाही हे त्याच क्षणी सिद्ध झालं. विमान हलकं, बोट जड; बिस्किटाएवढ्या बॅटरीकडून बोटीनं जो करंट ओढायला सुरुवात केली तो तिच्या ताकदीबाहेरचा होता. बॅटरी फुगू लागली. आधी उशीसारखी झाली, मग अशी झाली की सल्लागारांनी "पुतण्याची आहे हो" एवढं म्हणून दार गाठलं. सेक्रेटरी आधीच वास घेत जिन्यात उभे होते. त्यांनी बिल्डिंगमधली आगीची वाळूची बादली आणून दिली आणि ती बॅटरी आम्ही तिच्यात पुरली.

वाळूत पुरलेली बॅटरी टाकायची कुठे, हा पुढचा प्रश्न. कचऱ्याच्या गाडीवाला म्हणाला, ओल्यात चालणार नाही, सुक्यात चालणार नाही. मी नगरपालिकेत गेलो. तिथल्या कारकुनानं विचारलं, "ओली की सुकी?"

"फुगलेली आहे."

"फुगलेल्याचा रकाना नाही."

एका कारकुनानं दुसऱ्या कारकुनाला असं तोंडघशी पाडू नये. पण मीही रोज लोकांना रकाना नाही म्हणूनच परत पाठवतो, त्यामुळे परत फिरलो. ती बादली आमच्या बाल्कनीत राहिली. तिच्या शेजारी दुसऱ्या एका डब्यात ती चार सेलची. येणारेजाणारे आमच्या दाराशी पावलं उचलून टाकू लागले, आणि सेक्रेटरींनी खाली फलक लावला, 'सदस्यांनी घरात प्रयोग करू नयेत.' अनेकवचन सभ्यपणासाठी होतं. सदस्य एकच होता.

त्या संध्याकाळी मी बाल्कनीत त्या बादलीशेजारी बसलो होतो. खरंच सांगतो, मला रडू येत होतं. टेबल गेलं, अब्रू गेली, बिल्डिंगमध्ये तोंड दाखवायला जागा उरली नाही. सासरे बाहेर आले आणि शेजारच्या स्टुलावर बसले.

"जावईबापू, एवढं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही बिलात आहात, तारांचं तुम्हाला काय माहीत असणार?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"लग्नाच्या आधीच. चौकशी केल्याशिवाय मुलगी देतं का कोणी?"

"मग पंखा बंद पडला की माझ्याकडे का बघायचे सगळे?"

सासऱ्यांनी थोडा विचार केला. "तुम्ही छान बोलायचात. हिची आई म्हणायची, जावई बोलले की निम्मं दुरुस्त झाल्यासारखं वाटतं."

इतकी वर्षं ज्या माणसासमोर मी ताठ बसत आलो, त्याला माझं सगळं बिंग पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि त्यानं ते झाकून ठेवलं होतं. मला लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण तिच्याहून जास्त हलकं वाटलं.

"आणि घाई कशाला करता?" ते म्हणाले. "मी काय उद्याच निघालोय?"

त्यानंतर आम्ही दोघं मिळून कामाला लागलो. ऑफिसातून आलो की मी सरळ टेबलाशी जायचो. सासरे कठड्याची एकेक काडी घासायचे आणि मी ती बोटांत धरून ठेवायचो. ते मधूनच खिडकीवरच्या गोष्टी सांगायचे. रोज चुकीची नाणी पुढे करून भांडणारा गृहस्थ, बोट चुकली म्हणून त्यांच्याच खिडकीशी रडत बसलेली नवी नवरी. हे मला कधी माहीतच नव्हतं. सोफ्यावर मांडीवर ताट घेऊन जेवायची मला सवय झाली होती, इतकी की एकदा बायकोनं टेबलाचा एक कोपरा मोकळा करून दिला तर मला तिथे घास जाईना.

दुकानदाराकडे आम्ही दोघं गेलो. या वेळी सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं, परत विचारून घेतलं. कंट्रोलर मोठा, चार सेलपर्यंत पेलणारा आणि बक्कळ अँपिअरचा. बॅटरी तीन सेलची, पण अंगापिंडानं मजबूत, मोटर मागेल तेवढं देणारी. वाढत्या अंगाचं घ्यायचं, पण ते कुठे घ्यायचं हे मला अखेर कळलं. घरी येऊन जोडलं तर कंट्रोलर बोलला. बीप, बीप, बीप. जितके सेल तितके बीप, मग एक लांब सूर, म्हणजे सगळं ठीक. सासऱ्यांना असे बारीक आवाज ऐकू येत नाहीत, म्हणून मी त्यांच्या हातावर तीनदा बोट टेकवलं.

"हं," ते म्हणाले. हा नवा होता, आधी कधी ऐकला नव्हता.

राहता राहिलं तळं. सार्वजनिक बागेत एक तळं आहे, पण त्यात बोट सोडायला बागेच्या ऑफिसची परवानगी लागते. तिथल्या साहेबांनी अर्ज पुढे केला. "प्रवासी क्षमता?"

"शून्य."

"शून्याची परवानगी कशी देणार? नौका म्हटली की निदान एक प्रवासी पाहिजे. आणि दर प्रवाशामागे एक लाइफ जॅकेट."

मी वाद घालणार होतो, पण सासऱ्यांनी माझा दंड धरला. "नियम आहे तर आहे. प्रवासी म्हणून माझं नाव घाला." आयुष्यभर नियम सांगणाऱ्या बाजूला बसलेला माणूस तो, समोरच्यानं नियम सांगितला की त्यांना बरंच वाटत असावं.

तर अशा रीतीनं रविवारी सकाळी आम्ही तळ्याकाठी उभे राहिलो. बोट पाण्यात, बायको बोटीशी वाकलेली, मी हातात रिमोट घेतलेला, आणि हातभर लांबीच्या बोटीचा एकमेव प्रवासी नारिंगी लाइफ जॅकेट घालून काठावर. सल्लागार आले होते, पण लांब झाडामागे थांबले. रखवालदार बघत होता. फिरायला आलेले लोक थांबून बघत होते. माझी अब्रू आता इतकी खाली गेली होती की ती आणखी जायला जागा नव्हती, त्यामुळे मन शांत होतं.

सासरे वळले आणि तळ्याकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, त्यांना बघवत नाही. मग लक्षात आलं. ते आपल्या तिकीट खिडकीवर उभे होते.

"सोडा," ते म्हणाले.

मी हळूच कळ पुढे केली. धूर नाही, फट नाही. मोटर गुरगुरली, बोट काठापासून सुटली आणि पाण्यावर दोन रेघा काढत संथपणे निघाली. आणि मग सासरे मागे वळले. बोट मध्यावर जाईपर्यंत ते बघत राहिले. त्यांच्या हनुवटीशी ते जॅकेट वरखाली होत होतं. बायको रडत होती, मी रडत होतो, आणि झाडामागून सल्लागार ओरडून सांगत होते की एक नंबर मोठी मोटर घेतली असती तर आणखी जोरात गेली असती.

सासऱ्यांनी रिमोट माझ्या हातातून घेतला, बोट वळवली आणि अलगद काठाला आणून लावली. मग जॅकेट उतरवून, नीट घडी करून रखवालदाराला परत दिलं.

"चला," ते म्हणाले. "झालं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बोट सुटली होती. शब्दाला पक्का माणूस. दुसऱ्या दिवशी मेहुणा गाडी घेऊन आला आणि त्यांना घेऊन गेला. बोट आमच्याकडेच राहिली, कारण मेहुण्याकडे जवळपास तळं नाही. ती आम्ही कपाटावर ठेवली. टेबल रिकामं झालं. बायकोनं ते ओल्या फडक्यानं पुसलं, तरी सरसाचे डाग काही गेले नाहीत. त्या रात्री आम्ही दोघं सोफ्यावर मांडीवर ताट घेऊन जेवलो. टेबलाकडे दोघांनीही पाहिलं नाही.

मला टेबल हवं होतं, ते मिळालं. माणसानं काही मागताना जरा विचार करून मागावं.

रविवारी फोन व्हायचा. "खोली चांगली आहे," सासरे सांगायचे. "खिडकी आहे." आणखी काय विचारलं, की पुन्हा, "खोली चांगली आहे." मागून टीव्हीचा आवाज यायचा. मग ते विचारायचे, "बोट कशी आहे?" मी म्हणायचो, "छान आहे." "हं," ते म्हणायचे, आणि फोन संपायचा. तो 'हं' दर रविवारी थोडा बारीक होत गेला. बायको फोन ठेवून स्वयंपाकघरात जायची आणि नळ मोठा सोडायची.

एका रविवारी त्यांनी विचारलं, "बोट कशी आहे?" आणि मी म्हणालो, "बंद पडली, बाबा."

बायको माझ्याकडे बघायला लागली. बोट कपाटावर ठणठणीत होती.

"काय झालं?"

"कंट्रोलर जळला."

टीव्हीचा आवाज बंद झाला. "कोणती बॅटरी लावली होती?"

"ती चार सेलची. जरा जोरात जाईल म्हणून."

"एक नंबर मोठी?"

"हो."

"अहो, तुम्हाला किती वेळा..." त्यांचा आवाज चांगलाच खणखणीत झाला होता. इतकं सलग वाक्य मी त्यांच्या तोंडून फारसं ऐकलेलं नव्हतं. "आता कशाला हात लावू नका. तुमच्यानं होणार नाही ते. तो कंट्रोलर टाकू नका, मला बघू दे किती जळलाय. मी येतोय."

फोन ठेवला. बायको टेबलावरची फुलदाणी उचलून आत घेऊन गेली.

पण आता नवंच संकट उभं राहिलं. सासरे येणार म्हणजे आल्याआल्या कंट्रोलर नाकाशी नेऊन हुंगणार. खिडकीवर उभी नोकरी काढलेल्या माणसाला खोटी नोट जशी हातात कळते तसं त्यांना ते कळणार. तेव्हा ते यायच्या आत कंट्रोलर खरोखर जळायला हवा होता. जाळण्यात माझा हात कोणी धरला नसता. बाल्कनीतून ती चार सेलची आणली, चार्ज केली, बोट टेबलावर मांडली. बायको ओलं फडकं घेऊन उभी राहिली. मी दार लावून घेतलं, फटीत टॉवेल कोंबला, सेक्रेटरींचं नाक लक्षात घेऊन. मग डोळे मिटले आणि तार जोडली.

बीप, बीप, बीप, बीप. मग एक लांब सूर. सगळं ठीक.

मी डोळे उघडले. कळ पुढे केली. बोटीचा पंखा भन्नाट फिरला. कळ शेवटपर्यंत दाबून धरली. धूर नाही, वास नाही, डबा हाताला कोमटसुद्धा लागेना. हा कंट्रोलर चार सेलपर्यंतचा होता, हे फोनवर मी विसरलो होतो आणि बोलण्याच्या भरात सासरेही. माझ्या उभ्या आयुष्यात मी वाढत्या अंगाची एकच वस्तू योग्य जागी घेतली होती, आणि ती काही केल्या जळत नव्हती.

"जळत नाहीये?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"मग आता?"

मी दुकानदाराला फोन लावला. पलीकडे सोल्डरिंगचा चर्र आवाज येत होता. "पाच सेलची बॅटरी मिळेल का?" मी विचारलं.

चर्र आवाज थांबला. "साहेब, तुमचा कंट्रोलर चार सेलचा आहे. जळेल तो."

"नक्की ना?"